पाणटाकी चौकातला नम्र दगड

“आजपासून मानव आणि पृथ्वी यांच्यातला उंचीचा वाद कायमचा मिटला आहे!”

चांदसुरी नागरी पदार्थविज्ञान प्रयोगशाळेचे संचालक डॉ. उपासनी यांनी हे वाक्य उच्चारले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. वाक्य पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात उच्चारले गेले. ज्यांच्या संशोधनाबद्दल ते होते त्या विभावरी शेंडगे तळमजल्यावर होत्या, कारण त्या चाकाच्या खुर्चीत होत्या आणि लिफ्ट सकाळपासून बंद होती. टाळ्या त्यांनी छतातून ऐकल्या. थोड्या वेळाने शिपायाने त्यांचा पुष्पगुच्छ खाली आणून दिला. सोबत संचालकांचा निरोप होता, की मॅडम वर असत्या तर कार्यक्रमाला शोभा आली असती.

विभावरीबाईंना याचे फारसे वाईट वाटले नाही. विशीतल्या एका अपघातापासून त्या खुर्चीत होत्या आणि शोभेच्या बाबतीत त्यांच्या अपेक्षा माफक झाल्या होत्या. त्यांना फक्त एक रस्ता ओलांडायचा होता.

रस्ता प्रयोगशाळेसमोरचाच. पलीकडच्या बाजूला, पाणटाकी चौकाच्या कोपऱ्यावर, त्यांचे घर होते. घराच्या खिडकीतून प्रयोगशाळेची पाटी वाचता येई. तरीही कामावर येण्यासाठी त्या रोज रिक्षा करत, खुर्ची घडी करून आत घालत आणि उड्डाणपुलाला वळसा घालून घरासमोरच येऊन उतरत. रिक्षावाला बदलला की नवा रिक्षावाला पत्ता ऐकून एकदा त्यांच्याकडे, एकदा समोरच्या पाटीकडे बघे आणि मीटर टाके.

चांदसुरीच्या आकाशात उडत्या टॅक्सी सुरू होऊन बराच काळ लोटला होता. जमिनीवरच्या फुटपाथची कड मात्र अजून गुडघ्याशी स्पर्धा करत होती. महानगरपालिकेने प्रयत्न केला नव्हता असे नाही. एकदा चौकात सुंदर उतार बांधला. दुसऱ्या दिवसापासून त्या उतारावरून स्कूटर फुटपाथवर चढू लागल्या, कारण स्कूटरवाल्यांना घाई होती आणि फुटपाथ मोकळा होता. मग स्कूटर अडवण्यासाठी उताराच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले. खांबांमधून माणूस आडवा होऊन जाई, स्कूटर सरळ जाई आणि खुर्ची जातच नसे. पुढे दृष्टिहीनांसाठी उठावाच्या पिवळ्या फरश्या बसवल्या. त्या माणसाला हात धरून नेल्यासारख्या थेट विजेच्या डीपीपर्यंत नेत आणि तिथे सोडून देत.

हे सगळे खिडकीतून बघतच विभावरीबाईंनी नम्रशिला बनवली होती. दिसायला साधा काळा दगड. पण आतल्या कणांची रचना अशी, की सौम्य विद्युतप्रवाह दिला की तो मऊ पडून रस्त्याच्या पातळीला बसे, आणि प्रवाह काढला की पुन्हा उभा राही. उतार हवा तेव्हा उतार, कड हवी तेव्हा कड. एवढीच गोष्ट उरली होती, की वाकायचे कुणापुढे हे दगडाला कळायला हवे.

“बटण ठेव की सरळ,” डॉ. यास्मीन बागवान म्हणाल्या. त्या शेजारच्या खोलीत मानवी चालीचा अभ्यास करत. दोघींची मैत्री जुनी होती आणि बोलणे त्याहून मोकळे.

“बटण स्कूटरवाल्यालाही दाबता येतं. त्याला दोन हात असतात.”

“कार्ड दे. अपंगत्वाचं.”

“आठ दिवसांत मंडईत मिळायला लागेल. वर लॅमिनेशन फुकट.”

“कॅमेरा? खुर्ची दिसली की खाली.”

“ते केलं मागच्या महिन्यात. उसाच्या गाडीपुढे तीनदा वाकला. आणि गुडघे गेलेल्या आजींना चाकं नसतात, यास्मीन. त्यांनी काय करायचं? लोटांगण?”

यास्मीनबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. याचा अर्थ आता त्या शास्त्रज्ञ म्हणून बोलणार होत्या.

“ऐक. तू पाऊल टाकायच्या आधी... म्हणजे तू नाही, मी. मी पाऊल टाकायच्या आधी माझं शरीर तयारी करतं. वजन किंचित एका बाजूला सरकतं. मला ते कळतही नाही. समोर जे आहे ते आपल्याच्यानं होणार नाही असं मेंदूला वाटलं, की तो ही तयारी सुरू करून मध्येच मागे घेतो. पाऊल निघतं, पण बाहेर पडत नाही. याला मी अर्धपाऊल म्हणते. तुझ्या बाबतीत ते तळहातात येईल. चाकाला जोर लावायला जाशील आणि थांबशील. हा दाब जमिनीतून मोजता येतो.”

“म्हणजे संकोच मोजायचा.”

“संकोचच. शरीर आणि रस्ता यांच्यात किती अंतर पडलंय ते. प्रमाणपत्र नको, कार्ड नको. आंधळा असो, म्हातारा असो, कडेवर पोर असलेली बाई असो, ज्याला जमणार नाही असं आतून वाटतं, त्याच्यासाठी दगड खाली. सिग्नलही त्यालाच जोडू. संकोच शमेपर्यंत गाड्या थांबतील. जितका मोठा संकोच, तितके जास्त रस्ते बंद.”

“आणि स्कूटरवाल्यानं नाटक केलं तर?”

“करताच येत नाही. अर्धपाऊल इच्छेच्या आधी येतं. तू ठरवलंस तोवर ते येऊन गेलेलं असतं. ढोंगाला वेळच मिळत नाही.” यास्मीनबाईंनी कप पुन्हा उचलला. “शिवाय चांदसुरीच्या स्कूटरवाल्याला संकोच? विभा, तू या गावात किती वर्षं राहतेस?”

संकोचमापक बसला. नम्रशिलेची कड चौकाच्या चारही कोपऱ्यांवर लागली. पालिकेने खांब काढले, पण फेकले नाहीत. चौकातच एका बाजूला रचून ठेवले. नगर अभियंत्यांनी स्पष्टच सांगितले, की प्रयोग फसला तर पुन्हा आणण्याचा खर्च नको. डॉ. उपासनींनीही त्याच सुमारास विभावरीबाईंना बोलावून फार प्रेमाने सुचवले होते, “मॅडम, चौकाचं जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर तुम्ही घरूनच काम करा ना. लिफ्टचा खर्चही वाचेल. तुम्हाला त्रास, आम्हाला त्रास. सगळं ऑनलाइन होतं आता.”

विभावरीबाईंना या प्रेमाचा अर्थ नीट समजला. घरून काम म्हणजे ती खिडकी, ती पाटी आणि मधला रस्ता, कायमचा.

पहिल्या दिवशी त्या घरातून निघून कडेशी आल्या तेव्हा त्यांच्या तळव्यांना घाम आला होता. चाकाला जोर लावायला गेल्या आणि हात थांबला. पुढचा दगड, एखाद्या जुन्या नोकराने मान लववावी तसा, आवाज न करता खाली बसला. सिग्नल लाल झाला. गाड्या थांबल्या. एका स्कूटरने संधी साधून पलीकडच्या कडेवर झेप घेतली, पण तिथला दगड तिच्यासाठी तसूभरही हलला नाही आणि स्कूटरवाला हँडलवरून पुढे येऊन, दगडाला उद्देशून, दगडाच्या आईबद्दल बोलू लागला. विभावरीबाईंपुढे मात्र पलीकडची कडही वाकली आणि त्या त्याच्या शेजारून गेल्या. खुर्चीतून. स्वतःच्या हातांनी. प्रयोगशाळेच्या फाटकाशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून घराकडे पाहिले. घर एवढे जवळ आहे हे त्यांना माहीत होते, पण ते आता पटले.

पुढचे काही दिवस चौकाची कीर्ती पसरली. बदललेल्या गुडघ्यांचे गृहस्थ लांबच्या वस्तीतून रस्ता ओलांडायला येऊ लागले. एका नवरदेवासाठीही दगड वाकला, कारण मुंडावळ्यांमुळे त्याला पुढचे काही दिसत नव्हते. एका मद्यप्यासाठी वाकला नाही. त्याला कसलाच संकोच वाटत नव्हता.

आणि मग एका सकाळी विभावरीबाई नेहमीप्रमाणे निघाल्या, डोक्यात दुपारच्या बैठकीचा विचार, हात सराईतपणे चाकावर, आणि पुढची चाके कडेबाहेर हवेत जाऊन खुर्ची कचकन अडकली. दगड उभाच होता. त्या पुढे कलंडता कलंडता वाचल्या.

“बिघडला तुझा मापक,” त्यांनी तिथूनच यास्मीनबाईंना फोन केला.

समोरच्या इमारतीत यास्मीनबाईंनी आकडे तपासले. “मापक ठणठणीत आहे. तुझं अर्धपाऊल आलंच नाही.”

“का नाही आलं?”

“कारण दगड खाली जाईल याची तुला खात्री होती.”

“अगं, मग? जाणारच ना तो! मीच बनवलाय!”

“तेच तर. तुला शंकाच नव्हती. मापकाच्या लेखी तू धडधाकट.”

“बरं, आता तर अडकलेय. आता का नाही जात खाली?”

“आता तू संकोचलेली नाहीस, चिडलेली आहेस. चिडलेल्या माणसाचं शरीर पुढं झेपावतं. मापकाला वाटतंय तू उडी मारणार आहेस.”

“यास्मीन, मी शांत आहे.”

“आकडे तसं म्हणत नाहीत.”

विभावरीबाईंनी रिक्षा केली आणि उड्डाणपुलाला वळसा घातला.

दुसऱ्या दिवशी त्या कडेशी आल्या त्या धाकधूक घेऊनच. आज जाईल की नाही? हात थांबला. दगड तत्परतेने खाली बसला. त्यामुळे तिसऱ्या दिवशी धाकधूक उरली नाही, आणि दगड उभा राहिला. चौथ्या दिवशी पुन्हा शंका, पुन्हा दगड खाली. यास्मीनबाईंनी आलेख काढला. तो करवतीच्या दात्यांसारखा होता. दगड एक दिवसाआड चालत होता.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे चांदसुरीत कुणालाच यात काही विलक्षण वाटले नाही. त्या शहरात पाणी एक दिवसाआड येई. रस्ता ओलांडणे एक दिवसाआड असायला हरकत कसली? लोकांनी आपापले वार बसवून टाकले. कुबड्यांवरच्या शिक्षिका शेजारणीला सांगत, “आज नाही जमायचं बाई, आज माझा दिवस नाही.” दृष्टिहीन वकील गवाणकरांसाठी मात्र दगड एकदाही वाकला नाही. तीस वर्षे पांढऱ्या काठीने या शहरात चालून त्यांना कसलीही भीती उरली नव्हती. त्यांनी दगडावर दावा ठोकण्याची तयारी चालवली होती.

“पातळी खाली आण,” विभावरीबाई म्हणाल्या. “थोडासा संकोच असला तरी पुरे, असं कर.”

“करून पाहिलं. मग स्कूटरवालेही आत येतात. मागच्या सीटवर सासरे बसलेले असले की त्यांनाही थोडा संकोच होतो.”

“मग यावर उपाय?”

“तू थोडी घाबर.”

“ठरवून घाबरता येत नाही, हे तूच सांगितलंस.”

“हो ना,” यास्मीनबाई खिन्नपणे म्हणाल्या. “सिद्धांत फारच चांगला आहे माझा.”

अशात पालिका आयुक्तांचा पाहणी दौरा ठरला. आयुक्त धनुर्धर साळगावकर यांच्यापुढे निर्णय सोपा होता. दगड चालला तर शहरभर बसवायचा, नाही तर रचून ठेवलेले खांब परत रोवायचे. विभावरीबाईंनी दिवस मोजले. दौऱ्याच्या आदल्या दिवशी दगड अडणार होता. म्हणजे दौऱ्याच्या दिवशी तो नक्की वाकणार. आदल्या दिवशी, अडणारच म्हणून त्यांनी चाकाला जोरही लावला नाही, आणि तो ठरल्याप्रमाणे अडला. त्या दिवशी रिक्षाने वळसा घालताना विभावरीबाई पहिल्यांदाच खुशीत होत्या.

आपण नेमकी काय चूक केली हे त्यांना दौऱ्याच्या दिवशी, कडेपासून हातभर अंतरावर असताना कळले. तोवर उशीर झाला होता. आज दगड वाकणार याचा त्यांनी हिशेब केला होता, हिशेब बरोबर होता आणि त्यामुळे त्यांना पूर्ण खात्री होती. पुढची चाके कडेबाहेर गेली आणि खुर्ची कचकन अडकली.

मागे आयुक्त, डॉ. उपासनी, नगर अभियंता आणि त्या हुद्द्यांना शोभेल एवढी माणसे उभी होती. पालिकेचा छायाचित्रकार समोरून फोटो घ्यायला पलीकडच्या फुटपाथवर गेला होता. तो कसा गेला ते कुणी विचारले नाही. तो धावला होता.

“काय झालं?” आयुक्तांनी विचारले.

“सर, माझा या दगडावर विश्वास आहे. म्हणून तो चालत नाही,” विभावरीबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच ते वाक्य ऐकवेना.

नगर अभियंत्यांनी रचलेल्या खांबांकडे मायेने पाहिले. डॉ. उपासनी पुढे वाकून, आयुक्तांनाही ऐकू जाईल इतक्या हळूच म्हणाले, “मॅडम, मनाला लावून घेऊ नका. घरून काम केलंत की लिफ्टचीही कटकट नाही. घरी नेट चांगलं आहे ना?”

“थांबा,” आयुक्त म्हणाले. ते कर्तबगार गृहस्थ होते आणि कुठलीही गोष्ट स्वतः केल्याखेरीज होत नाही असा त्यांचा अनुभव होता. “यात अवघड काय आहे? माणसानं यायचं, उभं राहायचं आणि जायचं. मी दाखवतो. कुणी बरोबर येऊ नका, फोटोत गर्दी होते.”

ते विभावरीबाईंच्या शेजारी कडेवर येऊन उभे राहिले. समोर चार पदरी पाणटाकी रस्ता वाहत होता. धनुर्धर साळगावकरांनी तो हजारो वेळा पाहिला होता, पण काचेतून. नोकरीत लागल्यापासून त्यांनी रस्ता ओलांडला नव्हता. रस्ताच त्यांच्यासाठी बाजूला होत असे. आता त्यांच्यापुढून एक विजेवरचा ट्रक आवाज न करता, कोटाच्या बटणाला वारा घालत निघून गेला. त्यामागून एक स्कूटर उलट्या दिशेने आली, तिच्यामागून तिला चुकवणारी दुसरी. आयुक्तांनी पाऊल उचलले. म्हणजे त्यांच्या शरीराने उचलले, आणि घाईघाईने परत ठेवले.

दगड खाली बसला. इतका खाली तो कधीच बसला नव्हता. दोघांच्या पुढ्यातली सगळी कड रस्त्यात विरघळल्यासारखी सपाट झाली. चौकातले चारही सिग्नल लाल झाले. मग पुढच्या चौकातले. मग उड्डाणपुलावरचे. दूरवर कुठेतरी एक बस करकचून थांबल्याचा आवाज आला आणि चांदसुरी शहर, आकाशातल्या टॅक्सी वगळता, जागच्या जागी उभे राहिले.

विभावरीबाईंचा फोन वाजला.

“कोण आहे तुझ्या शेजारी?” यास्मीनबाई जवळजवळ ओरडत होत्या. “आजवरच्या सगळ्या नोंदींपेक्षा मोठा आकडा आलाय! कुणी अतिशय गंभीर अवस्थेतला पादचारी आहे का?”

“आयुक्त आहेत.”

पलीकडे कळफलकाची खडखड झाली. मग यास्मीनबाईंचा आवाज वेगळाच आला. “विभा, अगं, आपण किती मूर्ख! संकोच कुणाचा आहे हे मापक विचारतच नाही. तो तुझाच असायला हवा असं कुठंय? कडेवर एक विश्वास असलेला आणि एक घाबरणारा, असे दोघे एकत्र आले की दगड दोघांसाठी खाली. रोज! एक दिवसाआड नाही, रोज!”

“म्हणजे मला रोज बरोबर एक घाबरणारा माणूस हवा.”

“धडधाकट बघ. आणि शक्यतो मोठ्या हुद्द्याचा.”

विभावरीबाईंनी फोन ठेवला. समोर सपाट, रिकामा, पूर्णपणे थांबलेला रस्ता होता. कुणी हॉर्न वाजवला. मग दुसऱ्याने. मग सर्वांनी. हॉर्न वाढले तसा आयुक्तांचा संकोच वाढला आणि संकोच वाढला तसे आणखी दोन रस्ते बंद झाले. आयुक्त हसत होते. छायाचित्रकारासाठी हसायला सुरुवात केली होती आणि आता ते हसू मागे घेता येत नव्हते.

“मॅडम,” ते ओठ न हलवता म्हणाले, “हे किती वेळ असं राहतं?”

“तुमची भीती जाईपर्यंत.”

“मला भीती वाटत नाहीये.”

“सर, जिल्हा रुग्णालयाचा रस्ताही आता बंद झालाय.”

आयुक्तांनी कोटाचे बटण चाचपले. “मागे फिरलो तर?”

“फिरता येईल. सगळे बघतायत.”

त्यांनी किंचित मागे पाहिले. सगळे बघत होते. डॉ. उपासनींनी टाळ्या वाजवण्यासाठी हात तयार ठेवले होते.

“खांब भंगारात देतो,” आयुक्त पुटपुटले. “आजच. दगड सगळ्या चौकांत बसवतो. घरून काम वगैरे रद्द, मी बोलतो उपासनींशी. लिफ्टसुद्धा सुरू. सही आज दुपारी. पण आता...” त्यांचा आवाज आणखी खाली आला, दगडाइतका. “तुमच्या खुर्चीला मागून धरून चाललो, तर चालेल का?”

खुर्चीला न विचारता मागून धरणाऱ्यांना विभावरीबाईंनी आजवर बरेच काही सुनावले होते. पण विचारणारा हा पहिलाच होता.

“धरा,” त्या म्हणाल्या. “पण ढकलू नका.”

“नाही, नाही. ढकलत नाही. लोकांना वाटेल ढकलतोय, तेवढं वाटू द्या.” आयुक्तांनी खुर्चीच्या दोन्ही मुठी घट्ट आवळल्या. “फक्त जरा हळू चला.”